कोपरामागची नस

आमच्या मोठ्या आत्याला विस्तव चावत नसे. चुलीवरचा तवा ती फडक्याशिवाय उतरवायची आणि चुलीतून बाहेर पडलेला निखारा बोटांनी उचलून पुन्हा आत टाकायची. आम्हा भावंडांना याचा अभिमान वाटायचा. शाळेत कुणी आपल्या मामाच्या ट्रॅक्टरचं सांगितलं की आम्ही आत्याच्या हातांचं सांगायचो. तिच्या बोटांवर फोड असायचे, पण ते कधी उठले हे तिलाच माहीत नसायचं. सकाळी कुणी विचारलं की ती हाताकडं बघून म्हणायची, "काय की माय, रातच्याला भाजलं असंल."

आत्या गावात राहत नव्हती. जालना जिल्ह्याच्या अंबड-घनसावंगी पट्ट्यात आमचं गाव, आणि गावापासून दोन-अडीच किलोमीटरवर आमचा आखाडा. तिथं मोसंबीची शंभरेक झाडं, एक विहीर आणि पत्र्याची खोली. तिला बागेची राखण करायला आवडतं, म्हणून ती तिथं राहते, असं आम्हाला सांगितलेलं होतं. सणासुदीलाही ती गावात का येत नाही, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडेच असायची. रात्री एकाच वाकळेत आम्ही झोपायचो आणि ती मला बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेल्याच्या गोष्टी सांगायची. मिळालेली सुकडी पदरात बांधून घरी आणताना निम्मी वाटेतच कशी संपायची, हे सांगताना ती हसायची. त्या वेळी तिचे हात धड होते.

1991 साली मी सहावीत होते. पावसाळा नुकताच संपला होता. सायकलच्या हँडलला खाकी पिशवी अडकवलेले एक गृहस्थ शाळेत आले. सरकारच्या कुष्ठरोग विभागात ते तंत्रज्ञ होते, पण गावोगावची पोरं त्यांना डागवाले काका म्हणायची. मुलांचे सदरे काढून त्यांनी पाठी-पोटं बघितली. मुलींना बाई एकेक करून वर्गात नेत होत्या. माझ्या उजव्या दंडाच्या मागच्या बाजूला, कोपराच्या वर, रुपयाएवढा फिकट चट्टा होता. तो खाजत नव्हता, दुखत नव्हता. घरी सगळे त्याला गजकर्ण म्हणायचे.

काकांनी खिशातलं बॉलपेन काढलं. "डोळे मिट. कुठं लागलं ते बोटानं दाखव."

मनगटाला लागलं, मी दाखवलं. खांद्याला लागलं, दाखवलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मी वाट बघत उभी राहिले आणि शेवटी कंटाळून डोळे उघडले. पेनाचं टोक माझ्या चट्ट्यावर टेकलेलं होतं. नंतर त्यांनी माझा हात अलगद वाकवून कोपरामागच्या खाचेत बोट फिरवलं. तिथली नस हाताला लागली की नाही हे ते बघत होते. "इथं हात आपटला की झिणझिण्या येतात ना, तीच ही," म्हणाले. दोन्ही कोपरं त्यांनी तपासली आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला. नस अजून जाड झालेली नव्हती.

पुढं मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, आता तोच विषय शिकवते. जिवाणू पेशीच्या आत कसे तगतात, हे सांगताना दरवर्षी तो वर्ग आणि ते बॉलपेन माझ्यासमोर येतं. त्या माणसानं माझ्यासाठी नेमकं काय केलं, याचा हिशेब मला तेव्हा लागणं शक्यच नव्हतं. आता थोडाफार लागतो.

शरीरात परका जिवाणू शिरला की भक्षक पेशी त्याला गिळते. गिळल्यावर तो एका छोट्या पोकळीत कोंडला जातो, आणि त्या पोकळीला लायसोसोम नावाच्या पिशव्या येऊन मिळतात. त्यांत आम्ल असतं, प्रथिनं फाडणारी विकरं असतात. बहुतेक जिवाणूंचा खेळ तिथंच आटोपतो. कुष्ठाचा जिवाणू मात्र मेणासारख्या जाड कवचात असतो. या कवचातलं फिनॉलिक ग्लायकोलिपिड नावाचं एक द्रव्य पेशीच्या माऱ्याची धार बोथट करतं. जिवंत जिवाणू ज्या पोकळीत आहे तिला लायसोसोम मिळूच नये, असाही बंदोबस्त तो करतो. मग ज्या पेशीनं त्याला मारायला गिळलं, तिच्यातच तो चरबीचे थेंब साठवायला लावतो आणि त्यांच्या आधारानं वाढतो. अशा पेशी सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळलेल्या दिसतात.

क्षय, टायफॉइड या रोगांचे जिवाणूही भक्षक पेशीत राहतात. पण मज्जातंतूंमध्ये घर करण्याची रीत या एकाचीच. आपल्या नसांमधल्या तंतूंना थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पेशी वेढून असतात. त्यांच्या बाहेरच्या आवरणात लॅमिनिन नावाचं प्रथिन असतं. मघाशी सांगितलेलं तेच ग्लायकोलिपिड या लॅमिनिनला चिकटतं आणि जिवाणू आत शिरतो. नसेच्या आत शरीराची गस्त तशीही कमी असते. थंडावा त्याला मानवतो, म्हणून कानाची पाळी, नाक, भुवया, हातापायाची बोटं आणि कोपरामागे कातडीच्या अगदी जवळून जाणारी ती नस, या त्याच्या आवडीच्या जागा. आणि घाई त्याच्या स्वभावातच नाही. आतड्यातला साधा ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. याला एकाचे दोन व्हायला बारा ते चौदा दिवस लागतात. शिरकाव आणि पहिला चट्टा यांत पाच वर्षं जातात, कधी वीसही. एवढा काळ माणूस शेतात राबतो, लेकरांना गोष्टी सांगतो, आणि त्याची एकेक नस मुकी होत जाते. दुखलं असतं तर माणूस दवाखान्यात गेला असता. हा रोग दुखणंच काढून घेतो. म्हणून कुणीतरी घराबाहेर पडून, दारोदार जाऊन, डोळे मिटायला सांगून विचारावं लागतं.

काका आमच्या घरी तीनदा आले.

पहिल्यांदा आईनं त्यांना दारातच सांगितलं, पोरीला गजकर्ण आहे, मलम चालू आहे. ते ओट्यावर बसले, पाणी मागितलं आणि प्यायले. रोगाचं नाव त्यांनी गल्लीत ऐकू जाईल असं एकदाही घेतलं नाही. सहा महिन्यांच्या गोळ्यांत पोर पूर्ण बरी होते, हात असाच राहतो, पुढं लग्नाच्या वेळी डाग कुठं होता हेही सापडणार नाही, असं हळू आवाजात सांगितलं. आई आत जाऊन रडली, पण गोळ्या ठेवून घेतल्या. महिन्यातून एकदा रिफाम्पिसिन त्यांच्यासमोर गिळायची आणि डॅप्सोन रोज. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली तेव्हा मी घाबरले, पण असं होणार हे त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं होतं.

दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं काही?" वडील म्हणाले, कुणालाच नाही. ते "बरं" म्हणाले आणि गेले. लहान लेकराला हा रोग दिसला की जवळपास कुणीतरी मोठं माणूस बिनउपचाराचं आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी काही विचारलंच नाही. यंदा आंबे बहर कसा धरलाय, म्हणाले, आणि वडिलांबरोबर मोसंबी बघायला आखाड्याकडं निघाले. मी सायकलच्या मागे पळत गेले.

आत्यानं परक्या माणसाला बघून पदर कपाळापर्यंत ओढला, पण रीतीप्रमाणे तांब्या भरून आणला. त्यांनी तो तिच्याच हातून घेतला आणि वरून न ओतता, तोंड लावून प्यायले. आमच्या गावात कुणी तिच्या हातचं पाणी पिताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं नव्हतं हे माझ्या त्याच वेळी ध्यानात आलं. त्यांनी तिच्या जाड झालेल्या कानाच्या पाळ्या पाहिल्या, विरळ भुवया पाहिल्या, पायाच्या अंगठ्याखालचं भोक पाहिलं. मग झाडाखाली बसकण मारून म्हणाले, "आक्का, हात दाखवता का जरा?"

वडील मान खाली घालून उभे होते. आत्याचं लग्न झाल्यावर काही वर्षांतच चट्टे आले. तालुक्याच्या एका दवाखान्यात वर्षभर गजकर्णाचं मलम दिलं गेलं, मग नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं आणि दुसरं लग्न केलं. हे सगळं मला त्या झाडाखालीच कळलं. वडिलांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. तीन बहिणी अजून उजवायच्या होत्या, आणि महारोग हा शब्द गावात फुटला असता तर आमच्या दारी कुणी सोयरीक आणली नसती.

तिच्या कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन त्यांनी काचपट्टीवर नमुना घेतला. पुढच्या आठवड्यात मी माझा डोस घ्यायला वडिलांबरोबर तालुक्याला गेले, तेव्हा सूक्ष्मदर्शक मांडलेलाच होता. काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी मला स्टुलावर बसवलं. निळ्या पटावर गुलाबी-लाल बारीक काड्या होत्या. काही सुट्या होत्या, पण बऱ्याच एकाला एक चिकटून, दोऱ्यानं बांधल्यासारख्या. "बिडीचं बंडल," मी म्हणाले. त्यांना ते फार आवडलं. पुढं पुस्तकांत मी या जुड्यांना दिलेली परदेशी उपमा वाचली, पण माझ्या वर्गातली पोरं आजही बिडीचं बंडलच म्हणतात.

नॉर्वेतल्या बर्गन गावी आर्मर हॅन्सन यांनी 1873 साली रुग्णाच्या गाठींमधून याच काड्या पाहिल्या. माणसाला रोग देणारा जिवाणू म्हणून बोट दाखवता आलेल्यांतला हा अगदी पहिला. तरी दीडशे वर्षांत कुणालाही तो काचेच्या बशीत वाढवता आलेला नाही. बाबा आमटे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकत असताना त्यांनी हे जंतू वाढवून बघण्यासाठी स्वतःचं शरीर देऊ केलं होतं. तिथंही ते वाढले नाहीत. बहुतेक माणसांच्या अंगात या रोगाशी लढायची ताकद उपजतच असते. 1960 साली उंदराच्या तळपायात आणि पुढं अमेरिकेतल्या आर्माडिलो नावाच्या खवल्या-कवचाच्या, थंड अंगाच्या प्राण्यात तो वाढला. काचेच्या बशीत तो का वाढत नाही, ते 2001 मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा स्पष्ट झालं. क्षयाच्या जिवाणूकडं सुमारे चार हजार चालती जनुकं आहेत, याच्याकडं जेमतेम सोळाशे. अकराशेहून अधिक जनुकं मोडून पडलेली, नुसत्या खुणा उरलेल्या. हजारो वर्षं दुसऱ्याच्या पेशीत राहून ज्याची ज्याची सोय तिथं झाली, ते ते करायचं तो विसरत गेला. आता पेशीबाहेर त्याला स्वतःचं असं जगणं उरलेलं नाही. माझ्या विद्यार्थ्यांना यात त्याचा दुबळेपणा दिसतो. मला मात्र आत्याच्या हातातल्या नसा आठवतात, आणि तसं म्हणवत नाही.

माझ्या मनात घर करून राहिलेली गोष्ट त्यानंतरच्या दिवसांतली आहे. माझा डाग आणि तिचा आजार एकच आहे, हे आत्याला कळलं. मी तिच्याच वाकळेत झोपत होते, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या शनिवारी मी आखाड्यावर गेले तर तिनं दाराला आतून कडी लावून घेतली. "जाय माय घरी, जवळ येऊ नको," एवढंच आतून ऐकू आलं. मी बराच वेळ उंबऱ्यावर बसले. पुढच्या शनिवारीही तसंच. भाकरी ती दगडावर ठेवायची आणि आत जायची.

काका महिन्याच्या डोससाठी आले, त्यांनी हे बघितलं. त्यांनी तिला बाहेर बोलावलं, मला बोलावलं आणि दोघींना समोरासमोर बसवलं. म्हणाले, "आक्का, पहिला डोस तुमच्या पोटात गेला त्याला महिना झाला. त्या एका डोसानंच जवळजवळ सगळे जंतू मरतात. आता तुमच्यापासून कुणालाच काही होत नाही. घ्या लेकराला जवळ." ती हलली नाही. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला तिच्याकडं सरकवलं. तिनं मला धरलं तेव्हा तिच्या बोटांना माझी वेणी लागत होती की नाही, मला माहीत नाही. रिफाम्पिसिनचा एक डोस काही दिवसांत बहुतांश जिवंत जंतू निकामी करतो, हे मी पुढं संशोधनपत्रिकांत वाचलं. पण त्याचा अर्थ काय असतो, ते मला त्या उंबऱ्यावर आधीच समजलं होतं.

तिचे उपचार दोन वर्षं चालले. क्लोफाझिमिनच्या लाल गोळ्यांनी तिचा रंग काळपट-तांबडा झाला. "मोसंबीवर कोळशी पडती तशी दिसाया लागले," ती म्हणायची. डब्लिनमध्ये 1950 च्या दशकात क्षयावर औषध शोधताना सापडलेलं हे रसायन चरबीत आणि भक्षक पेशींमध्ये साठून राहतं, म्हणजे जंतू ज्या घरात लपतो त्याच घरात हे औषध मुक्काम करतं. कातडीवर दिसायचा तो रंग त्याचाच. पण गावाला तो रंगच दिसला, आणि कुजबुज वाढली. तिच्या जिद्दीला मी आजही हात जोडते. एकही गोळी तिनं चुकवली नाही.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात तिला ताप भरला, अंगावर लाल गाठी उठल्या, कोपरामागची नस सुजून ठणकू लागली. औषधानं जंतू मरत होते, आणि मेलेल्या जंतूंचे तुकडे बघून इतकी वर्षं गाफील राहिलेलं शरीर आता जागं होऊन आपल्याच नसांवर तुटून पडलं होतं. ज्या हातांना काही कळत नव्हतं त्यांना कळा येत होत्या. काकांनी तिला जीपमध्ये घालून रुग्णालयात नेलं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी दुखणं उतरलं, पण डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळली ती वळलीच. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अंतिया अशा वाकड्या बोटांवर, बसक्या नाकांवर शस्त्रक्रिया करत आले होते, आणि त्यांनीच उभारलेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये श्वान पेशी काचपात्रात वाढवून त्यांत हा जिवाणू काय करतो याचा अभ्यास चालू होता, हे मला एम. एस्सी. करताना समजलं. त्या वेळी आमच्या आखाड्यावर अशी बातमी पोचण्याचा मार्गच नव्हता.

बोटं सरळ झाली नाहीत, तेव्हा काकांनी ती सांभाळायला शिकवलं. तव्याला लाकडी मूठ बसवून आणली. एमसीआर रबराच्या मऊ चपला आणून दिल्या. रोज संध्याकाळी हातपाय पाण्यात भिजवून तेल लावायचं आणि कंदिलाच्या उजेडात एकेक बोट, तळवे, टाचा बघायच्या. कुठं फोड, कुठं काटा, कुठं लाली. सुट्टीत हे काम माझं. "हिच्या हातांना कळत नाही, तुझ्या डोळ्यांना कळू दे," ते मला म्हणाले होते. आत्या पाय पुढं करून बसायची आणि मी तळव्यातले बाभळीचे काटे शोधायची. सूक्ष्मदर्शकावर मान वाकवून तासन्‌तास बसायची सवय मला तिथं लागली.

एडिंबरामधल्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये दाखवलं की उंदराच्या श्वान पेशीत शिरून हा जिवाणू तिची ओळखच पुसतो, तिला पुन्हा कोवळ्या मूळपेशीसारखी करून टाकतो, म्हणजे ती स्नायूंकडं वा इतरत्र जाऊन रोग पसरवू शकेल. तो लेख वर्गात शिकवायच्या तयारीत असतानाच घरून फोन आला. आत्या गेली होती. दुष्काळाचं साल होतं ते, जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागाच्या बागा वाळत होत्या, आमची तर पार गेली होती. तिच्या चपला दाराशी होत्या. तव्याच्या मुठीवरचं लाकूड काळं आणि गुळगुळीत झालं होतं. शेवटची वीस वर्षं तिच्या बोटांना भाजल्याची एकही नवी खूण नव्हती.

2005 च्या डिसेंबरापर्यंत देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले. त्या सुमारास कुष्ठरोगाचं स्वतंत्र काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलं, आणि सायकलवरून शाळाशाळांत जाणारी ही माणसं हळूहळू निवृत्त झाली. आकडा खाली आला हे खरंच मोठं काम आहे. पण जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण अजून आपल्याच देशात सापडतात, आणि त्यांत लहान मुलं असतात, याची मला काळजी वाटते. आता रुग्णाच्या जवळच्यांना रिफाम्पिसिनचा एक डोस आधीच दिला जातो. तेव्हा तो असता तर मला कदाचित चट्टा आलाच नसता. मग आत्याही सापडली नसती. या विचारापाशी मी नेहमी थांबते, पुढं जाता येत नाही.

मागच्या दिवाळीत मी काकांना भेटायला गेले. परतूरकडच्या एका गावात ते मुलाकडं असतात. ऐंशीच्या पुढं गेलेत, ऐकायला कमी येतं. मी आत्याचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, ते नुसते बघत राहिले. हजारो पाठी आणि हात बघितलेला माणूस, त्यांना कुणाकुणाचं आठवणार? मग मी मोठ्यानं म्हणाले, "काका, बिडीचं बंडल." त्यांचे डोळे बदलले. त्यांनी हात पुढं करून माझा उजवा हात मागितला. दंड वळवून बघितला, डाग सापडला नाही. कोपरामागच्या खाचेत अंगठा फिरवून नस चाचपली. सुनेनं चहा आणला होता, तो त्यांनी बाजूला ठेवायला लावला आणि नातवाच्या दप्तरातलं पेन मागून घेतलं.

"डोळे मिट," म्हणाले. "कुठं लागलं ते बोटानं दाखव."

मी डोळे मिटले. मनगट. खांदा. मग दंडाच्या मागं, कोपराच्या वर. मी बोट ठेवलं.